मोटारीखालच्या पराती

खट्ट!

दुपारच्या शांततेत आवाज एवढासाच झाला, पण वसुधाचे डोळे टक्क उघडले. बेबीला थोपटता थोपटता तिचाच डोळा लागला होता. माजघरात आत्याबाई पदर तोंडावर ओढून निजल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गन कॅरेज कारखान्याचा दुपारचा भोंगा केव्हाच होऊन गेला होता, संध्याकाळच्या भोंग्याला अवकाश होता, आणि त्या दोन भोंग्यांच्या मधे जबलपूरच्या नेपियर टाउनातली घरं अशीच मुकाट पडून असायची.

पिंजरा पडला! वसुधा हलकेच उठली. बेबीच्या अंगाखालून हात काढून घेतला, उशी तिच्या पोटाशी लावली, आणि मागचं दार सरकवून उन्हात आली.

घरामागे पूर्वी वसुधाच्या सासऱ्यांची, बापूसाहेबांची, बैलाची दमणी उभी असायची. बैल गेले, दमणी गेली, आणि त्या छपराला पुढे फळ्यांचं दार लागून त्याचा मोटारखाना झाला. आत तिच्या नवऱ्याची, नीलकंठची, लहानशी काळी मॉरिस मोटार चार लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. चाकं जमिनीपासून वीतभर वर, अंगावर जुनं जाजम. युद्ध सुरू झालं, पेट्रोल कुपनावर गेलं, आणि नीलकंठ फौजेत डॉक्टर होऊन गेला, तेव्हापासून ती तशीच होती. पाय पोटाशी घेऊन निजलेल्या म्हशीसारखी दिसते, असं आत्याबाई म्हणत.

पिंजरा पुढच्या चाकापाशी होता. झाकण पडलेलं. वसुधाने वाकून पाहिलं. आत भाकरीचा तुकडा तारेला जसाच्या तसा टोचलेला, आणि उंदीर नाही. तिने पिंजरा उचलून हलवून पाहिला. रिकामाच.

ती बाहेर आली तर समोरून पेरूच्या झाडाखालून मामंजी येत होते. उपरणं खांद्यावर, धोतराचा सोगा हातात. दोघंही थबकले.

आता इथे अडचण होती. या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. बोलायला बंदी कुणी घातली होती असं नाही, पण लग्न होऊन आल्यापासून ती बोलली नाही आणि त्यांनीही बोलवलं नाही, आणि मग ते तसंच घट्ट बसलं. आधी ती दाराच्या चौकटीला सांगायची, "पाणी तापलंय." बेबी झाली तशी मोठी सोय झाली. पाळण्यातल्या त्या गोळ्याला दोन्हीकडून निरोप मिळू लागले. "बेबी, आजोबांना म्हणावं, पानं वाढलीत." "बेबी, आईला विचार, माझा चष्मा पाहिला काय?" आता बेबी चार वर्षांची होत आली होती आणि निरोप खरोखरच पोचवत होती, तेही शेजारच्या पोरांकडून उचललेल्या हिंदीसकट: "आजोबा, आई बोलली की चलो जेवायला."

पण आत्ता बेबी झोपलेली होती. वसुधाने पदर सावरला आणि तुळशीकडे पाहत म्हटलं, "पिंजरा रिकामाच पडला."

बापूसाहेबांनीही तुळशीकडेच पाहिलं. "अच्छा," ते म्हणाले. "उंदीर शहाणे झालेत." आणि विहिरीच्या बाजूने घरात गेले.

ही मोटार म्हणजे बापूसाहेबांचं जुनं दुखणं होतं. गन कॅरेजच्या स्टोअर्समध्ये हेडक्लार्क म्हणून त्यांची सगळी हयात गेली. कारखान्यात पायी जाणार, पायी येणार. मुलगा डॉक्टर झाला, सदर बाजारात दवाखाना टाकला, इथवर ठीक. पण विलायतेला परत चाललेल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटार त्याने घेतली, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. "डॉक्टरला टांगा पुरे. मोटारीतून उतरला की रोग्याला वाटते, हा नाडी पाहायला नाही, खिसा पाहायला आला." नीलकंठ हसायचा. "एकदा बसून तर पाहा, बाबा. गढ्यापर्यंत जाऊन येऊ." "माझे पाय शाबूत आहेत," एवढंच उत्तर. कधी बसले नाहीत. मग फौजेत नाव घातल्यावर दुसरं भांडण झालं, ते पहिल्यापेक्षा मोठं. नीलकंठ निघाला त्या सकाळी बापूसाहेबांची पूजा संपता संपेना. टांगा वळणाआड गेला तेव्हा आतून घंटा ऐकू आली.

वसुधाच्या वाट्याला नवरा आला तो थोडाच. लग्नानंतर वर्षदीड वर्ष, त्यातही पहिलटकरीण म्हणून नागपूरला माहेरी राहिली ते दिवस वजा. त्याला कोणती भाजी आवडत नाही हे तिला कळलं होतं. कोणत्या गोष्टीचा राग येतो हे कळायच्या आत तो गेला. जायच्या आदल्या दिवशी मोटारखान्यात उभं राहून त्याने तिला सांगितलं होतं, "उभ्या गाडीचे वैरी तीन. ओल, गंज आणि उंदीर. पहिल्या दोघांचा बंदोबस्त मी करून जातो. तिसरा तुझ्याकडे." बेबी तर तिचीच होती, घर मामंजींचं होतं, स्वयंपाकघर आत्याबाईंचं. त्याने जाताना तिच्या हवाली केलेली अशी एकच गोष्ट होती.

म्हणून ती उंदरांच्या मागे हात धुवून लागली होती. गादीच्या सांध्यांत डांबराच्या गोळ्या, बॉनेटखाली कडुनिंबाचा पाला, पायाखालच्या रबरावर तंबाखूची पानं. धुराच्या नळीच्या तोंडाशी तारेची जाळी कोंबलेली. हे सगळं करून वर्षं बरी गेली होती. पण यंदा गणपती उठले तेव्हापासून काय झालं कोण जाणे, मागच्या गादीवर लेंड्या दिसू लागल्या. बॉनेट उघडून पाहिलं तर एका वायरीवरचं सूत कुरतडलेलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात भाऊराव आला.

भाऊराव जवळच्याच गढ्याचा. नीलकंठच्या फौजी इस्पितळात कंपाउंडर होता, रजेवर घरी आला होता. ओसरीवर बसून त्याने बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि सगळ्यांना ताटकळत ठेवून दोन घोट घेतले.

"डाक्टरसाहेब मजेत आहेत," तो म्हणाला. "वाळले थोडे. पण रजा मंजूर झाली. दसऱ्याच्या दिवशीच्या मेलनं येऊन राहिले."

आत्याबाईंनी तिथल्या तिथे देवाला हात जोडले. बापूसाहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"अन् बाईसाहेबांना एक विचारायला लावलं," भाऊराव दाराआडच्या पदराकडे बघून म्हणाला. "म्हणाले, विचार, मोटारीत उंदीर तर नाही ना शिरले? ठेसनावर टांगा आणू नका म्हणे, मोटारच पाहिजे. हसू नका, पण तिथं चिखलात, तंबूत पडल्या पडल्या डाक्टरसाहेब रोज ती मोटार चालवतात. डोळे मिटून. हातानं गिअर पण टाकतात! आम्ही विचारतो, साहेब, आज कुठवर पोचले? तर म्हणतात, आज सदरची चढण लागली. आज आमच्या फाटकाशी आलो."

बापूसाहेब उठून आत गेले.

वसुधाने दाराआडून बेबीला पुढे केलं. तिचा आवाज मुळीच कापला नाही. "काकांना सांग, नाही म्हणावं. एकही उंदीर नाही."

"एकबी चूहा नाही," बेबीने निरोप पोचवला.

भाऊरावाची पाठ वळली मात्र, आत्याबाईंनी हनुवटीला बोट लावलं. आत्याबाई म्हणजे बापूसाहेबांच्या विधवा बहीण, अमरावतीकडे दिलेल्या; जबलपुरात येऊन तीस वर्षं झाली तरी जिभेवरची अमरावती गेली नव्हती. "काहून वं? सकाळीच तर सुपलीभर लेंड्या झाडून राहिली होतीस!"

"दसऱ्यापर्यंत नसतील, आत्याबाई."

"म्हणजे उंदरांना तू तार करशील?"

वसुधा हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि मांडणीवरच्या पराती खाली काढू लागली. उंदीर मोटारीत शिरतात ते ठोकळ्यांवरून चढून, एवढं उघड होतं. ठोकळ्याच्या माथ्यावर पालथी परात बसवली तर वर चढणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर येईल. उंदीर किती का चपळ असेना, त्याला छताला उलटं चालता येत नाही. शेजारच्या हेमलताबाईंचा नवरा खमरियाच्या नव्या कारखान्यात फोरमन. त्यांच्याकडून मोटार उचलायचा जॅक आणला, त्यांच्याच गड्याकडून एकेक चाक वर घेतलं, आणि चारी ठोकळ्यांवर चार पराती पालथ्या बसल्या. त्यांच्यावर फळीचा तुकडा, वर मोटार.

आत्याबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. "ही माझ्या लग्नातली परात. हिच्यात माझ्या बापानं जावयाचे पाय धुतले. आता ही मोटारीचे पाय धुणार. अन् आम्ही कणीक कशात मळायची? पत्रावळीवर?"

"दसऱ्याला परत, आत्याबाई."

"दसऱ्याला, दसऱ्याला! नीलू आला अन् पोळी मागितली तर म्हणजो, थांब, आधी मोटार उतरव."

पण एवढं करूनही दुसऱ्या दिवशी गादीवर लेंड्या होत्याच.

वसुधाने पुन्हा सगळं तपासलं. पराती जागच्या जागी होत्या. जाळी जागेवर होती. उंदीर काय उडून आले? तिने गाडीच्या चारी बाजूंनी फेरी घातली, वाकून पाहिलं, दारं उघडून पाहिलं. चालकाच्या जागेखाली तिला काहीतरी दिसलं. बोटाने टिपून उजेडात धरलं. फुटाण्याचं साल. मग आणखी एक. मग रबराच्या घडीत शेंगदाण्याची फोलपटं, आणि अख्खा एक फुटाणा.

फुटाणे उंदरांनी आणलेले नव्हते. फुटाणे माणसाने आणले होते, आणि त्यांच्या वासाने उंदीर. आणि या घरात फ्रॉकच्या खिशात फुटाणे घेऊन फिरणारं माणूस एकच होतं.

"बेबी!"

बेबी आली. आईच्या तळहातावरची सालं बघितली आणि तिचा चेहरा पडला. तेवढ्याने वसुधाला कळायचं ते कळलं.

"मोटारीत बसून तू खातेस? कुणाला विचारून गेलीस तिथं? किती वेळा सांगितलं तुला, ती बाबांची मोटार आहे, खेळायची नाही?"

बेबीने फ्रॉकचा खिसा मुठीत धरला.

"बोल ना! एरवी तर तोंड थांबत नाही. कोण होतं तुझ्यासोबत?"

बेबीने ओठ आत ओढून घेतले. निरोप्याचं काम करणारी ती पोर, जिच्या पोटात अर्धं वाक्यही राहत नसे, ती आता डोळ्यांतून पाणी गाळत उभी राहिली आणि एक अक्षर बोलेना. वसुधाचा राग अनावर झाला. तिने एक चापट मारली. फार जोरात नव्हे, पण मारली. बेबी रडत आत्याबाईंकडे पळाली.

ओसरीवर आरामखुर्ची करकरली आणि थांबली. त्या संध्याकाळी बापूसाहेब जेवले नाहीत. "आईला सांग, पोट ठीक नाही," असं त्यांनी बेबीकरवी कळवलं, आणि ते सांगताना बेबीच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले.

वसुधाला ते दिसलं. पोळ्या झाकताना, देवाशी दिवा लावताना, खिडक्यांना ब्लॅकआउटचा काळा कागद ओढताना ते तिला पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. कोठीच्या खोलीतला बसका स्टूल हल्ली दुपारी नाहीसा होऊन सकाळीच जागेवर का दिसतो, हे तिच्या मनात तेव्हाच यायला हवं होतं. पण आलं नाही. काही गोष्टी आपण बघत असतो आणि त्या आपल्याला दिसत नसतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बेबीला थोपटत पडली आणि डोळे मिटून घेतले. श्वास लांबवला. थोड्या वेळाने तिच्या हाताखालचं ऊबदार अंग सापासारखं सरकलं. पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मागचं दार कुरकुरलं.

वसुधा जरा थांबून मागून गेली. मोटारखान्याचं पुढचं दार बंद होतं, पण पेरूच्या बाजूची एक फळी सैल होती. तिने फटीला डोळा लावला.

जाजम अर्धं दुमडून टपावर टाकलेलं होतं. मोटारीचं दार उघडं, आणि त्याच्याखाली कोठीतला स्टूल टेकवलेला. मोटार ठोकळ्यांवर उंच चढलेली, म्हाताऱ्या माणसाला आत चढायला पायरी हवीच. आणि हीच पायरी उंदरांनाही पुरत होती. बिचाऱ्या पराती चारी कोपऱ्यांत राखण करत बसल्या होत्या आणि मधे कुणीतरी जिना लावून ठेवला होता.

चालकाच्या जागेवर बापूसाहेब बसले होते. टोपी काढून मांडीवर. दोन्ही हात चाकावर, कोपरं अगदी ताठ, जसं हेडक्लार्कने पट्टीने आखून घ्यावं. शेजारी बेबी, पाय लोंबकळत, ओंजळीत फुटाणे.

"सिहोरा गेलं," बापूसाहेब म्हणत होते. "आता कटनी येईल. चुन्याच्या भट्ट्या दिसतात का बघा, डॉक्टरीणबाई."

"दिसतात. धूर येऊन राहिला."

"मग काच वर करा. मैहर आलं. देवीला हात जोड. सतना. आता माणिकपूर."

"आजोबा, मोटार रुळावरून चालते?"

"आपली चालते. मला दुसरा रस्ता माहीत नाही ना." गन कॅरेजच्या स्टोअर्समधून त्यांनी जन्मभर पेट्या पाठवल्या त्या याच रस्त्याने, वॅगनांतून. "अलाहाबाद. इथं गंगाजल भरून घेऊ. मग मोगलसराय, मग कलकत्ता."

"मग बाबा?"

"मग बोट. मग जंगल. मग बाबा."

बेबीने एक फुटाणा स्वतःच्या तोंडात टाकला, एक आजोबांच्या. आजोबांनी धोतरावरची सालं झटकली, ती बरोबर रबराच्या घडीत गेली. मग बेबी एकदम म्हणाली, "काल आईनं मला मारलं."

"हो बेटा. ऐकलं मी."

"मी तरी नाही सांगितलं."

बापूसाहेबांचे हात चाकावरून खाली आले. "चूक माझी, आणि मार तुला," ते म्हणाले. "हा कुठला न्याय?" थोडा वेळ ते समोरच्या काचेतून पाहत राहिले. पलीकडे फळ्यांची भिंत होती, तिच्यावर बैलांचं एक जुनं जू टांगलेलं. मग ते हळूच म्हणाले, "छान आहे रे गाडी."

हे बेबीला म्हटलेलं नव्हतं.

वसुधा मागे सरली. पेरूच्या झाडाला धरून उभी राहिली. आत जाऊन काय म्हणणार होती ती? मामंजी, ही मोटार माझ्या हवाली आहे, खाली उतरा? तिने मानेवरचा घाम पुसला. त्या दिवशी पिंजरा रिकामा पडला तो कोणाच्या अंगठ्याच्या धक्क्याने, तेही आता कळलं. शहाणे झालेले उंदीर! तिला हसू आलं. ती घरात येऊन बेबीच्या रिकाम्या जागेशेजारी पडून राहिली, आणि पावलं परत आली तेव्हा तिने पुन्हा डोळे मिटून घेतले. या वेळी मात्र तिने ते ऊबदार अंग जवळ ओढून गच्च धरलं. बेबीच्या केसांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

कसं सांगावं हा प्रश्न होता. सांगितलं तर ते उद्यापासून जाणार नाहीत. न सांगितलं तर दसऱ्याला मोटार स्टेशनवर जाणार नाही, आणि इकडून पाठवलेला निरोप खोटा पडेल.

संध्याकाळी तिने मांडणीवरून पितळेचा फिरकीच्या झाकणाचा डबा काढला. घासून लख्ख केला. फुटाणे पाखडून, हाताने चोळून सालं काढली, शेंगदाण्यांचंही तसंच. झाकण घट्ट फिरवलं. मांडीवर पसरायला आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा घेतला, चार घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारची निजानीज व्हायच्या आधी डबा आणि ती घडी चालकाच्या जागेवर नेऊन ठेवली. परत येताना ओसरीच्या दाराशी थांबली.

"बेबी," ती म्हणाली. आवाज रोजच्यासारखाच होता. "आजोबांना सांग, कोठीतला स्टूल मला संध्याकाळी लागतो. काम झालं की परत आत आणून ठेवायला हवा. तिथं तसाच राहिला तर उंदीर चढतात."

बेबीने आईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. आजोबा हातभर अंतरावर होते, त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. तरी रीत म्हणून ती म्हणाली, "आजोबा, आई बोलली की स्टूल वापस."

आजोबांच्या हातातल्या वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग आवाज आला, "आईला सांग, आणून ठेवीन."

त्या दिवशी भोंगा व्हायच्या आधीच स्टूल कोठीत होता. त्याचे पायसुद्धा पुसलेले होते. लुगड्याचा पट्टा झाडून, घडी करून दोरीवर टाकलेला. आणि दोन दिवसांनी जेवताना, ताकाचा भुरका मारून, बापूसाहेब बेबीला म्हणाले, "आईला म्हणावं, डब्यात मीठ कमी पडतं."

"कोणत्या डब्यात?" आत्याबाईंनी कान टवकारले.

"औषधाच्या," बापूसाहेब म्हणाले.

"औषधात मीठ? तुझा लेक डॉक्टर आहे की पापडवाला?"

पितृपंधरवडा संपला, घट बसले. गादीवर एकही लेंडी दिसेना. वसुधा रोज सकाळी जाऊन पाहायची, बॉनेट उघडायची, नाकाने वास घ्यायची. उंदरांना मोटारीत काही मिळेना तसे ते हेमलताबाईंच्या लाकडांच्या खोलीत गेले, अशी तक्रारही कानावर आली. तिने ती आनंदाने ऐकून घेतली आणि आपला पिंजरा त्यांना देऊन टाकला.

खांडेनवमीला मोहन मिस्त्री सदरहून आला. कुपनावरचं पेट्रोल त्याने डब्यातून आणलं होतं. शस्त्रांची, वाहनांची पूजा त्याच दिवशी, तेव्हा मोटार सुरूही त्याच दिवशी व्हावी असा आत्याबाईंचा हट्ट. मोटार ठोकळ्यांवरून खाली आली. पराती निघाल्या आणि आत्याबाईंनी त्या छातीशी धरून आत नेल्या. मोहनने चाकांत हवा भरली, कुरतडलेल्या वायरीला पट्टी गुंडाळली, आणि पुढे जाऊन हँडल मारलं. एकदा, दोनदा. नुसता खोकला. वसुधाने दाराची कडी मुठीत आवळून धरली. तिसऱ्यांदा मोटार शिंकली, थरथरली, आणि घुर्र करून सुरू झाली. पेरूवरचे पोपट भर्रकन उडाले.

"वा बाईजी!" मोहन ओरडला. "अंदरसे तो नई जैसी रखी आपने! गादी साबूत, वायरिंग साबूत. बस, ड्रायव्हरची सीट जरा दबली हाय. रोज कोई बैठता था क्या?"

बापूसाहेब दूर उभे होते, हात पाठीमागे बांधून, जणू ही वस्तू ते जन्मात पहिल्यांदाच बघत होते.

"उंदीर बसत असेल," ते गंभीरपणे म्हणाले.

वसुधाला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबूनही ते थांबेना. मामंजींच्या समोर ती अशी कधी हसली नव्हती. आणि पाहते तो त्यांच्या मिशाही हलत होत्या.

आत्याबाईंनी मोटारीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. पाणी मोटारीवर उडालं तसं बापूसाहेबांनी पुढे होऊन खांद्यावरच्या उपरण्याने काच पुसायला घेतली. काळजीने, कोपऱ्याकोपऱ्यातून.

"उद्या ठेसनावर मोहन चालवंल," आत्याबाई ठरवू लागल्या. "येतानी नीलू बसंल चाकावर. त्याच्या बाजूला वसुधा अन् बेबी. अन् भाऊ, तू मागं बस. बसशील ना आता तरी? की पायी येशील?"

"बसेन," काच पुसता पुसता बापूसाहेब म्हणाले.

बेबी मोटारीच्या पायरीवर उभी होती. तिने आधी चालकाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग आजोबांकडे. तिच्या कपाळाला आठी पडली. मग ती उतरून आईपाशी आली, पदर ओढून तिला खाली वाकवलं, आणि हळू बोलायचं असतं हे विसरून नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं:

"आई, बाबा इथंच आले, मग दुपारी आजोबा कुणाकडे जातील?"